मूळ स्थिति

घरांतल्या कोणत्या वस्तूनें किती आवाज करावा याविषयीं प्रत्येक कुटुंबाचा एक अलिखित कायदा असतो. कुकरनें तीन शिट्या द्याव्या, परंतु चौथी दिली कीं स्वयंपाकघराकडे कोणी तरी धांवलेंच पाहिजे. देवघरांतली घंटा वाजावी, परंतु घरांत कोणाची परीक्षा असेल तर ती बेतानें वाजावी. दुपारीं दोन ते चार या वेळांत तर जिन्याच्या पायऱ्यांनींही करकरूं नये अशी वडील मंडळींची अपेक्षा असते. हा कायदा कोणीं केला, केव्हां केला, हें कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं. परंतु तो मोडला कीं सर्वांना कळतें. मध्यंतरीं आमच्या घरच्या संगणकानें एकाएकीं मौन धारण केलें, आणि तें सोडवितांना आम्हीं नकळत याच कायद्याचें एक कलम रद्द करून टाकलें. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे. तींत आमच्या शहाणपणाचा भाग थोडा आहे, हें आधींच सांगून टाकतों.

आम्ही सांगलीचे राहणारे. घरांत पंगतीला दहा पानें. दादा आणि वहिनी, काका आणि काकू, आम्ही आणि आमचें कुटुंब, तीन मुलें, आणि या सर्वांवर छत्र धरून असलेली आमची आत्या. दादाचा थोरला मुलगा मुकुंद नोकरीनिमित्त बंगळूरला असतो. त्याचें पान सणावारीं वाढतें. संगणक माजघरांत ठेवलेला आहे व तो कोणा एकाचा नाहीं. सकाळीं वहिनी त्यावर महिला मंडळाचे हिशेब लिहितात. संध्याकाळीं मुलें धडे ऐकतात आणि धड्यांच्या नांवाखालीं खेळतात. रात्रीं काका बातम्या लावून निवेदकाशीं मोठ्यानें वाद घालतात. दुपारची वेळ मात्र आत्याची.

आत्याचें वय ८४. तिनें लग्न केलें नाहीं. मुलींच्या शाळेंत ३१ वर्षें गणित शिकविलें. वीसएक वर्षांपूर्वीं एका दुखण्यांत तिचा डावा कान कायमचा गेला. उजवा शाबूत आहे, आणि शेवटच्या बांकावरची कुजबूज टिपण्याची त्याची संवय अद्याप सुटलेली नाहीं. दुपारचीं जेवणें आटोपून मंडळी आडवी झाली कीं, कोणाची झोंप मोडूं नये म्हणून ती हेडफोन कानांवर चढविते आणि संगणकापुढें बसते. ऐकावयाचें काय, तेंही बहुधा ठरलेलें. १९८६ च्या गणेशोत्सवांत आमच्या एका मामेभावानें दोन मायक्रोफोन जोडण्याची सोय असलेला टेपरेकॉर्डर घरीं आणला होता. त्यानें एक मायक्रोफोन अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, तोंडापुढें धरला, दुसरा पेटीच्या अगदीं भात्याशीं ठेवला, आणि अप्पांचीं चार नाट्यपदें टिपून घेतलीं. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ ज्या गांवीं रंगभूमीवर आणलें, त्या गांवच्या माणसाला चार पदें येऊं नयेत हें शक्यच नव्हतें! अप्पा कांहीं गवई नव्हते; पण आवाज खडा होता आणि पेटीवर साथीला घरचेंच माणूस होतें. १९९१ सालीं अप्पा गेले. पुढें मुकुंदानें ती कॅसेट संगणकांत उतरवून घेतली. अप्पांच्या आवाजाची घरांत तेवढीच एक खूण आहे.

गेल्या मार्गशीर्षांत संगणकाचा जुना पडदा अंधुक दिसूं लागला म्हणून आम्हीं नवा, चांगला रुंद असा पडदा आणला. शनिवारीं रात्रीं तो जोडला, चित्र स्वच्छ दिसतें याची खात्री करून घेतली आणि समाधानानें झोपलों. रविवारीं सकाळीं काकांनीं बातम्या लावल्या, तों निवेदिकेचे ओठ हालत आहेत आणि शब्द मात्र नाहीं! काका म्हणाले, “पोरांनीं कांहीं तरी बिघडवलंय.” मुलें म्हणालीं, “आजोबाच रोज केवढ्यानं लावतात!” वहिनींनीं दोन्ही बाजूंचें म्हणणें ऐकून घेतलें व “आधीं चहा घ्या” असा निकाल दिला. या प्रकरणांत नव्या पडद्याचा कांहीं संबंध असेल असें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. पडदा ही डोळ्यांची बाब, आणि तक्रार तर कानांची होती!

दुरुस्तीचें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें. संगणकांतला ध्वनि हा एक प्रवासी आहे असें समजावें. तो निघतो आंकड्यांच्या रूपानें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचा हिशेब धरला तर एका सेकंदाला प्रत्येक बाजूचे ४४,१०० आंकडे. ज्या प्रोग्रॅममधून आपण ऐकतों तो प्रोग्रॅम हा त्याचा पहिला मुक्काम. सर्व प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर हा दुसरा. त्या यंत्राची भाषा जाणणारा ड्रायव्हर हा तिसरा. मग आंकड्यांची वीज करणारी चिप, मग पिनेचें भोंक, तार, स्पीकर, हवा, आणि सर्वांत शेवटीं माणसाचा कान. या वाटेवर कोठेंही एक नाका बंद असला कीं पुढच्या सर्वांना वाटतें, प्रवासी घरूनच निघाला नाहीं. म्हणून शोध एका टोंकापासून क्रमानें करावा, एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी, आणि तिनें गुण आला नाहीं तर ती पूर्ववत् करून मगच पुढें जावें, असा शास्त्राचा दंडक आहे. तो आम्हांला चांगला ठाऊक होता. आम्हीं तो पाळला नाहीं, एवढेंच.

आरंभ बरा झाला. स्पीकरचा दिवा लागतो कीं नाहीं तें पाहिलें; लागत होता. त्याची पिन हिरव्या भोंकांत आहे कीं गुलाबी भोंकांत तें पाहिलें. हिरवें भोंक आवाज बाहेर नेण्याचें आणि गुलाबी मायक्रोफोनचें. पिन हिरव्यांतच होती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत, खालीं घड्याळाशेजारीं, कर्ण्याचें जें चिमुकलें चित्र असतें त्यावर फुली नव्हती, आणि आवाजाची पट्टी शंभरावर होती. येथवर पंधरा मिनिटें गेलीं, आणि त्यांच्याबरोबर आमचा धीरही गेला.

आमच्या संगणकांत विंडोज ११ आहे. त्याच्या सेटिंग्जमध्यें आम्ही शिरलों. तेथें सिस्टिम, त्यांत साउंड, त्यांत व्हॉल्यूम मिक्सर. या ठिकाणीं प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज निरनिराळा ठरवितां येतो. मुलांच्या खेळाचा आवाज कोणीं तरी १२ वर आणून ठेवला होता. कशासाठीं, असा प्रश्न आमच्या मनांत आला नाहीं. तेथेंच ‘रीसेट’ असें बटन होतें. तें दाबलें कीं सर्व प्रोग्रॅम आपापल्या मूळ स्थितीवर येतात. दाबलें. मौन कायम. पुढें ध्वनीच्या जुन्या पद्धतीच्या खिडकींत ‘कम्युनिकेशन्स’ नांवाचें पान लागलें. फोनवरचें संभाषण सुरू झालें कीं इतर आवाज ८० टक्क्यांनीं कमी करावे, अशी आज्ञा तेथें मुळांतच असते. काकूंना माहेरचा फोन आला म्हणजे आमच्या घरीं हीच आज्ञा चालते, असें मनाशीं म्हणून आम्ही थोडेसे हंसलों आणि तीही काढून टाकली. मौन कायम. सर्व्हिसेसच्या यादींत जाऊन ‘विंडोज ऑडिओ’ ही सेवा थांबविली व पुन्हा सुरू केली. डिव्हाइस मॅनेजरमधून ध्वनीचा ड्रायव्हर समूळ काढला आणि संगणक बंद करून परत लावला. असें केलें म्हणजे विंडोज तो आपण होऊन पुन्हा बसवितें. त्याप्रमाणें त्यानें तो बसविला. मौन कायम!

एव्हांना बारा वाजून गेले होते, आणि जें ओळखीचें नाहीं तें सर्व संशयित, अशा मनःस्थितीला आम्ही पोंचलों होतों. अॅक्सेसिबिलिटी या सदरांत ऑडिओ म्हणून एक पान आहे. तेथें ‘मोनो ऑडिओ’ नांवाची कळ चालू असलेली दिसली. डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज देण्याची ज्या यंत्राची ऐपत, त्याला एकच आवाज काढावयास कोणीं लावावें? हा मुलांचाच उपद्व्याप, असें ठरवून आम्हीं ती कळ बंद केली. त्या दिवशीं दुसऱ्या कोणत्याही कळीनें झालें नाहीं इतकें समाधान आम्हांला त्या कळीनें झालें, हें येथें मुद्दाम नमूद करून ठेवतों. मौन अर्थात् कायमच राहिलें.

शेवटीं दादाची बारा वर्षांची सुधा आमच्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, “काका, इथं स्पीकरच्या जागीं पडद्याचं नांव कां आलंय?” तिनें आवाजाच्या पट्टीशेजारचें बारीक चित्र दाबलें, तोंच एक यादी उघडली. यादींत नव्या पडद्याचें नांव निवडलेलें होतें आणि त्याच्या खालीं ‘स्पीकर्स’ बिचारे उगाच उभे होते. आतां उलगडा झाला. आमचा जुना पडदा निळ्या टोंकाच्या व्हीजीए तारेनें जोडलेला होता; ती तार चित्र तेवढें नेते. नव्या पडद्याला एचडीएमआय तार आली, आणि तिच्यांतून चित्र व ध्वनि हे दोघेही एकाच वाटेनें जातात. नवा पडदा दिसतांच संगणकानें सारा आवाज त्याच्या स्वाधीन केला होता, आणि त्या पडद्याला तर स्पीकरच नव्हता! म्हणजे आवाज बंद पडला नव्हता. ज्या घरीं तोंड नाहीं त्या घरीं तो मुक्कामाला गेला होता. सुधानें ‘स्पीकर्स’वर बोट ठेवलें मात्र, निवेदिका एकदम ओरडूं लागली. आम्हीं जेवतांना सर्वांना सांगितलें कीं, संगणक आतां अगदीं मूळ स्थितीवर आणून ठेवला आहे. सुधाचें नांव घ्यावयास आम्ही विसरलों.

त्यानंतरच्या आठवड्यांत आत्या रोज दुपारीं संगणकापुढें बसे, पण दहा मिनिटांत उठे. पूर्वीं तास दीड तास सहज जाई. आमच्या कुटुंबानें एकदां विचारलें, तेव्हां “डोळे दुखतात ग, नवा पडदा फार लख्ख आहे,” असें ती म्हणाली. उत्तर सयुक्तिक होतें, म्हणून कोणीं अधिक चौकशी केली नाहीं. आठव्या दिवशीं रात्रीं तिनें दादाला बाजूस बोलाविलें आणि हळूच सांगितलें, “मला उद्यां कानाच्या डॉक्टरांकडे ने. उजवाही चालला असं वाटतं.”

घरांतला आवाजच त्या रात्रीं बसला. एक कान गेलेल्या माणसाचा दुसरा कान जाणें म्हणजे काय, हें बोलून दाखविण्याची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशीं दादा आणि आम्ही तिला घेऊन गेलों. डॉक्टरांनीं तिला बंद खोलींत बसवून बारीकमोठे सूर ऐकविले, आलेख काढला, दोन वर्षांपूर्वींच्या आलेखाशेजारीं धरला आणि सांगितलें कीं, उजव्या कानांत कांहींही फरक नाहीं. मग त्यांनीं मोठ्या सौजन्यानें विचारलें, “आजी, तुम्हांला नेमकं काय ऐकूं येत नाहीं?”

आत्या म्हणाली, “टेपेवरचा माझा भाऊ.”

घरीं येतांच आम्हीं हेडफोन चढवून तीं पदें लावलीं. अप्पांचा आवाज खणखणीत होता. “आत्या, अग स्वच्छ येतोय कीं आवाज!” असें आम्ही म्हणालों. धीर द्यावा म्हणून म्हणालों. पण त्या वाक्यानें तिच्या चेहऱ्यावर काय उमटलें तें आम्हीं पाहिलें, आणि तें आम्ही विसरूं शकत नाहीं. तिनें फक्त मान हालविली. डॉक्टर म्हणतात कान चांगला आहे, पुतण्या म्हणतो आवाज स्वच्छ आहे. तेव्हां आतां दोष कशाला द्यावयाचा तो तिचा तिनें ठरवावयाचा राहिला. “वय झालं, दुसरं काय!” असें म्हणून ती वाती वळावयास बसली.

त्या रात्रीं दादानें मुकुंदाला फोन करून ही हकीकत सांगितली. पलीकडून क्षणभर कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग त्यानें आम्हांला फोनवर बोलावून एकच प्रश्न केला, “काका, तुम्हीं मोनो बंद केलंत का?”

मग त्यानें जें सांगितलें तें असें. दोन वेगळ्या वाटांनीं ध्वनि देण्याची जी पद्धत आपण स्टीरिओ म्हणून ओळखतों, तिचा पाया १९३१ सालीं लंडनमध्यें अॅलन ब्लमलाइन या अभियंत्यानें आपल्या पेटंटच्या अर्जांत घातला. या पद्धतीची सारी मौज ऐकणाराला दोन कान असण्यांत आहे. अप्पांच्या टेपेवर डाव्या वाटेवर अप्पा होते आणि उजव्या वाटेवर पेटी होती. कारण मायक्रोफोनच तसे ठेवलेले होते. हेडफोन लावला कीं अप्पांचा आवाज सगळा आत्याच्या गेलेल्या कानांत जाई, आणि चांगल्या कानांत येई ती पेटी. दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत मुकुंद तिच्याजवळ बसला असतां ती सारखी मान कलती करते, हें त्याच्या लक्षांत आलें. त्यानें मोनोची कळ चालू केली. ती कळ दोन्ही वाटांचा ध्वनि एकत्र करून तोच दोन्ही कानांना देते, आणि जिला एकच कान आहे तिलाही सर्व कांहीं मिळतें. ही सोय विंडोजमध्यें मुळीं अशाच माणसांकरितां ठेवलेली आहे. एवढें करून मुकुंद बंगळूरला निघून गेला. त्यानें कोणाला सांगितलें नाहीं, आत्यालाही नाहीं. तिला वाटलें, संगणकावर टेप अशीच भरून पावते.

आम्हीं हेडफोनची डावी वाटी कानावरून सरकवून पाहिली. पेटी तेवढी जवळ होती, आणि तिच्या भात्याच्या उसाशांमागें, तीन घरें पलीकडून यावा तसा, अप्पांचा आवाज असल्यानसल्यासारखा येत होता.

कळ चालू केली. रात्रीचे साडेनऊ झाले होते. ही आत्याची वेळ नव्हे. तरी सर्वांनीं तिला संगणकापुढें आणून बसविलें आणि कायदा मोडून मुलेंही भोंवतीं उभीं राहिलीं. तिनें हेडफोन सारखा केला, डोळे मिटले. पहिलें कडवें सरलें असावें, तेव्हां ती म्हणाली, “आला.” आणखी थोड्या वेळानें तिनें आमच्याकडे पाहिलें व अगदीं सहज म्हणाली, “आठ दिवस मी माझीच पेटी ऐकत होतें रे!”

त्या पेटीवर १९८६ सालीं तीच बसली होती. साथ करणाराला आपली पेटी तेवढी ऐकूं यावी आणि ज्याची साथ करावयाची तो मात्र ऐकूं येऊं नये, असे आठ दिवस तिनें आमच्या शहाणपणापायीं काढले. आणि त्याची तक्रार न करितां, कोणास त्रास नको म्हणून डोळ्यांवर ढकलून दिली.

या प्रकारानंतर ‘मूळ स्थिति’ या शब्दांचा आम्हांला जरा वचकच बसला आहे. मूळ स्थिति म्हणजे निर्दोष स्थिति, अशी आमची समजूत होती. वास्तविक ती यंत्र पेटींतून बाहेर निघालें तेव्हांची, म्हणजे तें कोणाचेंच नव्हतें तेव्हांची स्थिति होय. नंतर तें घरांत राहतें. कोणाचा कान गेलेला असतो, कोणाचें डोकें दुखत असतें, कोणाला रात्रीं झोंप येत नसते. आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें एकेक कळ इकडची तिकडे होते. नवख्या नजरेला तो बिघाड दिसतो. मुलांच्या खेळाचा आवाज १२ वर होता तो वहिनींच्या अर्धशिशीसाठीं दादानें आणलेला होता, हें आम्हांला त्या रविवारीं संध्याकाळींच कळलें होतें. खेळांतल्या तोफा पूर्ण आवाजांत सुटल्या आणि वहिनी कपाळाला सुंठ लावून आंत जाऊन पडल्या. तेवढ्यावरून आम्हीं सावध व्हावयास हवें होतें.

आणि एकत्र कुटुंब तरी दुसरें काय असतें? आमच्याकडे जिन्यावरचा दिवा रात्रभर जळतो. काकूंची आमटी आधीं वेगळी काढून मग तिखट घालतात. पुढच्या दाराची कडी लावतांना वाजवावयाची नाहीं. यांतल्या कित्येक रीती मोडून घर ‘सुटसुटीत’ करावें असें आम्हीं तरुणपणीं मोठ्या हिरीरीनें मांडलें होतें. त्या रीतींच्या पलीकडे कोणाचे गुडघे, कोणाचें पित्त, कोणाची झोंप उभी होती, हें विचारण्याचें आम्हांला सुचलें नव्हतें. जुनें सर्वच राखावें असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याच्यासाठीं कळ फिरविली तें माणूस आतां घरांत नसेल, तर ती खुशाल परत फिरवावी. परंतु फिरविण्यापूर्वीं निदान माजघरांत येऊन, ही कोणासाठीं होती, एवढें मोठ्यानें विचारावें. आणि ज्याचा आवाज लहान आहे त्याच्या उत्तरासाठीं थोडें थांबावें.

वाचकांपैकीं कोणावर असा प्रसंग आला तर त्यांनीं प्रथम आवाजाच्या पट्टीशेजारीं कोणाचें नांव आहे तें पाहावें; निम्में काम तेथेंच होतें. रीसेटचें बटन दाबण्यापूर्वीं सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचें छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवावें. आम्हीं तर आतां संगणकाशेजारच्या भिंतीवर एक कागदच डकविला आहे. त्यावर तीन रकाने आहेत: काय बदललें, कोणीं बदललें, कोणासाठीं बदललें. आठ कलमें झालीं आहेत. पहिलें कलम मोनोचें. परवां सहज पाहिलें, तों कागदावर लाल पेन्सिलीनें आमचें एक ऱ्हस्वदीर्घ सुधारलेलें होतें, कलमांना नीट अनुक्रमांक घातलेले होते, आणि खालीं, मुलींच्या वहीवर असावी तशी, ठसठशीत अक्षरांत एक सही होती: ‘पाहिलें.’